शिकवणाऱ्याचे नाव : नगरच्या भाषाशिक्षकांची चारशे वर्षे

#इतिहास #थ्रेड

१/
सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात कास्पियन समुद्राजवळच्या अस्त्राबाद या गावातून एक विद्वान दक्षिणेत अहमदनगरला आला. त्याचे नाव गुलाम अली हिंदू शाह. त्याच्यासोबत त्याचा लहान मुलगाही होता. नगरच्या गादीवर तेव्हा मुर्तझा निजामशहा होता. नव्याने आलेल्या या विद्वानाकडे राजपुत्र मिरान हुसेन याला फारसी शिकवण्याचे काम सोपवण्यात आले. आजच्या शब्दांत सांगायचे तर तो परकीय भाषेचा शिक्षक होता. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, इतिहासात तलवारीच्या गोष्टी पुष्कळ आहेत. हा थ्रेड मात्र शब्द शिकवणाऱ्यांचा आणि त्यांच्या साधनांचा आहे. कोश, व्याकरण आणि वाचनपाठ ही ती साधने.

२/
नगरच्या राजपुत्राला फारसीसाठी इराणी शिक्षक का लागावा? निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे घराणे पाथरीच्या कुळकर्ण्यांपर्यंत पोहोचते, असे इतिहासकार सांगतात. १४९४ साली सीना नदीकाठी त्याने वसवलेल्या शहरात मराठी आणि दखनी या बोलण्याच्या भाषा होत्या. गावचे हिशेब कुळकर्णी मोडीत लिहीत. परंतु फर्माने, राजनैतिक पत्रव्यवहार, काव्य आणि तवारिखा यांची प्रतिष्ठित भाषा फारसी होती. विजापूर, गोवळकोंडा, मोगल आणि इराण या सर्व दरबारांना तीच समजे. त्यामुळे राजपुत्राला घोडेस्वारीइतकेच फारसीही आवश्यक होते. ती अस्सल उच्चारांसह शिकवायला मूळ भाषक मिळाला, तर दरबाराला तो हवाच होता.

३/
गुलाम अली नगरला आल्यावर फार काळ जगला नाही. त्याचा मुलगा मुहंमद कासिम राजपुत्राच्या सहवासात शिकला, वाढला आणि पुढे मुर्तझा निजामशहाच्या पदरी पहाऱ्याचा नायक झाला. १५८८ मध्ये त्याच राजपुत्राने, म्हणजे मिरान हुसेनने, बापाविरुद्ध उठाव करून गादी घेतली. मुर्तझा मारला गेला. कासिमला मात्र जुन्या सहाध्यायाने जीवदान दिले. नंतर वर्षभराच्या आत मिरान हुसेनचाही खून झाला आणि नगरमध्ये दखनी व परदेशी सरदारांमधले वैर पेटून शेकडो परदेशी कापले गेले. १५८९ साली कासिम विजापूरला निघून गेला. तिथे इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या आश्रयाने त्याने हिंदुस्थानचा मोठा इतिहास लिहिला. जग त्याला 'फिरिश्ता' या नावाने ओळखते.

४/
इथे एक बाब लक्षात घ्यावी. नगरच्या त्या फारसी शिक्षकाचे नाव आज उच्चारता येते, कारण त्याच्या मुलाने ग्रंथ लिहिला. शिक्षकाने शिकवलेल्या धड्यांतून ते नाव टिकले नाही. फिरिश्त्याच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद जॉन ब्रिग्ज या कंपनीच्या अधिकाऱ्याने केला आणि तो १८२९ साली चार खंडांत प्रसिद्ध झाला. हाच ब्रिग्ज पेशवाईच्या अस्तानंतर खानदेशात आणि साताऱ्यात कारभार पाहत होता. भाषाशिक्षकाचे नाव दुसऱ्या कोणाच्या पुस्तकामुळे टिकते किंवा तिथेच हरवते. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत भेटते.

५/
निजामशाही १६३६ मध्ये संपली, पण तिच्या दरबाराची भाषा मराठीत मुरली. दप्तर, कारकून, जमीन, अर्ज, हुकूम, शिपाई हे शब्द आज कोणालाही परके वाटत नाहीत. शिवाजी महाराजांनी या मिश्रणाकडे राज्यकर्त्याच्या नजरेने पाहिले. राज्याभिषेकाच्या सुमारास पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव आणि डबिराचा सुमंत. रघुनाथपंत हणमंते यांच्याशी निगडित असलेला 'राज्यव्यवहारकोश' याच प्रयत्नाचा भाग होता. त्यात कारभारातल्या फारसी-दखनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले असून शब्दांची विषयवार दहा वर्गांत मांडणी केली आहे. विषयवार शब्दसूची हे भाषाशिक्षणाचे जुने आणि आजही वापरात असलेले साधन आहे. येथे ते राज्याच्या कामी आले.

६/
नंतर दीडशे वर्षांनी पारडे फिरले. नगरचा किल्ला १७५९ मध्ये पेशव्यांकडे आणि १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांकडे आला. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने तो जिंकला. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर या मुलखाचा महसूल, न्याय आणि पोलीस ही सर्व कामे इंग्रज अधिकाऱ्यांकडे गेली. वतनाचे कागद मोडीत होते, साक्षीपुरावे मराठीत आणि जुन्या सनदा फारसीत. गुलाम अलीच्या काळी नगरचा राजपुत्र परकी भाषा शिकत होता. आता नगरवर राज्य करणारा परका मराठी शिकण्यासाठी स्थानिक शास्त्र्यासमोर बसू लागला. फारसी-हिंदुस्थानी शिकवणाऱ्याला मुन्शी आणि मराठी-संस्कृत शिकवणाऱ्याला पंडित किंवा शास्त्री म्हणत.

७/
या पंडितांच्या हाती पुस्तके कोणती होती? पहिली साधने दूर बंगालमध्ये तयार झाली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण नोकरांना देशी भाषा शिकवल्या जात आणि तिथे मराठीचे काम विल्यम कॅरी याच्याकडे होते. त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये निघाला. कोशातले मराठी शब्द मोडी टाइपात छापलेले होते. अधिकाऱ्याला कचेरीत मोडीच वाचायची होती, हे त्यामागचे साधे कारण. या कामात कॅरीचा मुख्य आधार होता वैद्यनाथ पंडित. मुखपृष्ठावर कॅरी आणि प्रस्तावनेत वैद्यनाथ अशी नावांची वाटणी झाली. या दोन जागांमधले अंतर पुढे शतकभर टिकले.

८/
व्याकरण आणि कोश झाला, तरी विद्यार्थ्याला वाचायला काहीतरी लागते. मराठी गद्य हस्तलिखित बखरींत आणि पत्रांत भरपूर होते, पण छापील पुस्तके नव्हती. म्हणून श्रीरामपूरच्या छापखान्यातून 'सिंहासनबत्तिशी' (१८१४) आणि 'हितोपदेश' (१८१५) बाहेर पडले. पुढे मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीति' ही पुस्तके १८२८ च्या सुमारास शाळांसाठी निघाली. आरंभीच्या छापील मराठी गद्याचा मोठा भाग असा पाठ्यपुस्तकांचा आहे. त्यातला काही तर मराठी न येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच लिहिला गेला. छापील मराठी गद्याने आपली पहिली पावले भाषेच्या वर्गात टाकली, असे म्हणता येते.

९/
कोशांची गोष्ट अधिक बोलकी आहे. मुंबई सरकारच्या आश्रयाने जेम्स मोल्सवर्थ या सैनिकी अधिकाऱ्याने १८२५ मध्ये मराठी शब्दसंग्रहाचे काम सुरू केले. थॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे बंधू त्याच्या मदतीला होते आणि शब्द गोळा करून त्यांचे अर्थ पारखायला ब्राह्मण पंडितांचे मंडळ होते. याच सुमारास शास्त्रीमंडळाने तयार केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' १८२९ मध्ये छापला गेला. त्यात मराठी शब्दांचे अर्थ मराठीतच दिले होते. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले ही नावे त्या कोशाशी जोडलेली आहेत.

१०/
मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. मुखपृष्ठावर मोल्सवर्थ आणि कँडी बंधू होते. पंडितांना तिथे जागा मिळाली नाही. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सुमारे साठ हजारांवर गेली. या कोशात शब्दापुढे त्याच्या उगमाची खूण असते : संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी. 'दप्तर' किंवा 'जमीन' हे शब्द काढून पाहिले, तर निजामशाही दरबारातून आलेला वारसा त्या छोट्याशा खुणेत दिसतो. शिवाय म्हणी, वाक्प्रचार, शेतीची अवजारे आणि कोकण-देशावरचे बोलीभेदही त्यात आहेत. हे ज्ञान परदेशी कोशकार कितीही अभ्यासू असला, तरी सांगणारा जवळ असल्याशिवाय कागदावर येणे शक्य नव्हते.

११/
मोल्सवर्थचा कोश निघाला त्याच वर्षी, डिसेंबर १८३१ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे उभारले. या मिशनचे लोक १८१३ पासून मुंबईत होते. आता ॲलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्व्ही नगरला आले. हर्व्ही पहिला उन्हाळाही पार करू शकला नाही. १८३२ मध्ये पटकीने त्याचा बळी घेतला. मागे राहिलेल्यांपुढचा पहिला प्रश्न भाषेचा होता. कंपनीचा अधिकारी मोडक्या मराठीवर आणि कारकुनाच्या भरवशावर वेळ निभावू शके. बाजारात उभे राहून उपदेश करणाऱ्याला आणि शाळा चालवणाऱ्याला ती सोय नव्हती. त्याची चूक ऐकणाऱ्यांच्या हसण्यातून लगेच त्याच्यापर्यंत पोहोचे.

१२/
अशा विद्यार्थ्याला छापील पुस्तक कुठवर पुरते, हे पाहण्यासाठी एकच शब्द घ्यावा : 'जग'. कागदावर तो एकच दिसतो. परंतु 'हे जग मोठे आहे' यातला 'ज' तालव्य आहे आणि 'शंभर वर्षे जग' यातला 'ज' दंततालव्य. 'चार' आणि 'चारा' या शब्दांतल्या 'च'चेही तेच. देवनागरी लिपी हा फरक दाखवत नाही. मराठी मुलाला तो आईच्या तोंडून मिळतो. परदेशी माणसाला तो केवळ समोर बसलेल्या शिक्षकाकडून मिळू शकतो. शिक्षक उच्चार करतो, विद्यार्थी चुकतो, शिक्षक पुन्हा उच्चार करतो. या पुनरावृत्तीची नोंद कुठल्याच ग्रंथात राहत नाही, पण भाषा शिकवण्याचे निम्मे काम तेच असते.

१३/
उलट दिशेने परदेशी विद्यार्थीही शिक्षकाला काही देत होता. तो असे प्रश्न विचारी, जे मराठी माणसाला कधी पडत नाहीत. 'तिने आंबा खाल्ला' असे म्हणतात, मग 'त्याने भाकरी खाल्ली' असे का? खाणारा पुरुष असताना क्रियापद स्त्रीलिंगी का झाले? 'रामाने रावणाला मारले' इथे ते ना रामाप्रमाणे चालते, ना रावणाप्रमाणे. हे कसे? दगड पुल्लिंगी, वीट स्त्रीलिंगी आणि घर नपुंसकलिंगी कोणी ठरवले? 'आम्ही जाऊ' आणि 'आपण जाऊ' यांत ऐकणाऱ्याला सोबत घेतले आहे की नाही, हे कसे कळते? मातृभाषा वापरणे आणि मातृभाषा समजावणे यांतली दरी अशा प्रश्नांनी उघडी पडली. ती बुजवण्यासाठी कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोगांचे विवेचन आवश्यक झाले.

१४/
मराठी माणसाने मराठी मुलांसाठी लिहिलेले पहिले महत्त्वाचे व्याकरण याच वातावरणातले आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये निघाले. त्याच्या मांडणीवर लिंडली मरेच्या इंग्रजी व्याकरणाची छाप होती. परक्या भाषेच्या व्याकरणाकडे पाहून आपल्या भाषेची घडण ओळखायची, ही त्यांची वाट. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी हे काम इतके वाढवले की, त्यांना मराठीचे पाणिनी म्हटले गेले. हेच दादोबा १८५२ मध्ये डेप्युटी कलेक्टर म्हणून नगर जिल्ह्यात आले. भिल्लांचा उठाव मोडण्याच्या कामगिरीबद्दल त्यांना रावबहादूर किताब मिळाला. व्याकरणकार आणि कंपनी सरकारचा अधिकारी ही दोन्ही रूपे एकाच माणसाची होती. त्या काळी भाषेचे ज्ञान आणि सत्ता किती जवळ नांदत होती, हे त्यातून दिसते.

१५/
परदेशी विद्यार्थ्याच्या बाजूने असेच काम एबेनेझर बर्जेस याने केले. हा अमेरिकन मिशनरी १८३९ मध्ये हिंदुस्थानात आला. त्याची बरीच वर्षे नगरमध्ये आणि शेवटची काही साताऱ्यात गेली. त्याचे इंग्रजीतले मराठी व्याकरण १८५४ मध्ये मुंबईत छापले गेले. स्वतः ही भाषा परका म्हणून शिकलेल्या माणसाने पुढच्या परक्यांसाठी केलेली ती सोय होती. कॅरीच्या व्याकरणाला तेव्हा जवळपास पन्नास वर्षे झाली होती. दरम्यान मराठी छापील होऊ लागली होती, शाळा निघाल्या होत्या आणि गद्याचे वळण पालटले होते. भाषाशिक्षणाची साधने एकदा करून ठेवता येत नाहीत. भाषा चालत राहते, तशी तीही पुन्हा घडवावी लागतात.

१६/
बर्जेसच्या बाबतीत आणखी एक घटना घडली. मराठी शाळांसाठी खगोलशास्त्राचे पुस्तक तयार करण्याचे काम त्याच्याकडे आले. त्यासाठी भारतीय ज्योतिष समजून घेताना तो 'सूर्यसिद्धान्त' या संस्कृत ग्रंथापर्यंत पोहोचला. त्याचा इंग्रजी अनुवाद १८६० मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या अभ्यासकांनी तो आधारभूत मानला. अनुवादाचा पहिला कच्चा खर्डा आपण हिंदुस्थानातच, संस्कृत आणि ज्योतिष जाणणाऱ्या ब्राह्मणांच्या साहाय्याने केला, असे बर्जेस प्रास्ताविकात प्रामाणिकपणे सांगतो. ऋण मान्य आहे, पण ते 'ब्राह्मण' या जातिवाचक शब्दाने. माणसांची नावे तिथे येत नाहीत. संपादनात साहाय्य करणाऱ्या अमेरिकन विद्वानांची नावे मात्र येतात.

१७/
मराठी शिकलेल्या परदेशी व्यक्तीने त्या भाषेचे काय केले, याचे नगरमधले सर्वांत परिणामकारक उदाहरण म्हणजे सिंथिया फरार. ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईला आली आणि १८३९ मध्ये नगरला. १८६२ मध्ये तिचा मृत्यूही नगरलाच झाला. तिच्या मुलींच्या शाळेत शिक्षण मराठीतून होई. जोतीराव फुल्यांनी ही शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे नगरला गिरवले, असे चरित्रकार नोंदवतात. फरारबाईंना मराठी शिकवणाऱ्या माणसाचा वाटा या साखळीत कुठे धरायचा? त्या अनाम धड्यांविना नगरची शाळा मराठीतून चालली नसती.

१८/
शिक्षकाला पुस्तकांइतकीच गरज असते ताज्या मजकुराची आणि बातमीची. जून १८४२ मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. हेन्री बॅलंटाइन त्याचे संपादक होते. धर्मप्रचार हा त्याचा उघड हेतू होता, परंतु त्यात विज्ञान, भूगोल, समाजसुधारणा आणि देशोदेशीच्या वार्ताही येत. काही वर्षांनी ते मुंबईला गेले आणि त्यात इंग्रजी मजकूरही येऊ लागला. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला आणि इंग्रजी शिकणाऱ्या मराठी तरुणाला अशा पत्राचा दुहेरी उपयोग होता. सुरुवातीच्या मिशनरी मराठीला अनुवादाचा वास येई आणि लोक तिची थट्टाही करत. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाची धुरा कवी नारायण वामन टिळक यांनी सांभाळली. नगरमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या टिळकांनी ख्रिस्ती मराठीला देशी वळण दिले.

१९/
आता पुन्हा नावांच्या प्रश्नाकडे. राहुरी तालुक्यातले ताहाराबाद हे संतचरित्रकार महिपतीचे गाव. १७१५ मध्ये जन्मलेल्या या कवीचा 'भक्तविजय' १७६२ मध्ये पूर्ण झाला. अमेरिकन मराठी मिशनमधून निवृत्त झालेले जस्टिन ॲबट यांनी महाराष्ट्राच्या संतकवींची इंग्रजी अनुवादमाला १९२६ पासून प्रकाशित करायला घेतली. तिच्यात 'भक्तविजया'चा अनुवाद १९३३ मध्ये आला, ॲबट यांच्या निधनानंतरच्या वर्षी. त्याच्या मुखपृष्ठावर दोन अनुवादक आहेत : जस्टिन ॲबट आणि पंडित नरहर गोडबोले. १९३५ मध्ये 'भक्तलीलामृत' आले, तेव्हा ॲबट, गोडबोले आणि एडवर्ड्स अशी तीन नावे छापली गेली. १८०५ मध्ये प्रस्तावनेत राहिलेला पंडित मुखपृष्ठावर यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

२०/
पुढचा टप्पा नगरच्या दक्षिणेला, सातारा जिल्ह्यातल्या फलटणला घडला. अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन तिथेच स्थायिक झाल्या आणि भारताच्या नागरिक बनल्या. लेखिका जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचे संदर्भव्याकरण लिहिले. ते १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून प्रसिद्ध झाले. त्यासोबत वाचनपाठ, वाक्यरचनांचे पाठ आणि शब्दकोश असा संचच या दोघींनी उभा केला. परकी म्हणून मराठी शिकलेली एक आणि मराठी जगातच राहणारी दुसरी, दोघींची नावे शेजारी शेजारी. बर्जेसच्या काळी एकाच टेबलाशी दोन माणसे बसत आणि पुस्तकावर एकच नाव येई. इथे टेबल तेच आहे, नोंद मात्र पुरी आहे.

२१/
या चारशे वर्षांत शिकवण्याची दिशा अनेकदा बदलली. कधी इराणी माणसाने नगरच्या राजपुत्राला शिकवले, कधी मराठी शास्त्र्याने अमेरिकन पाद्र्याला, कधी अमेरिकन बाईने मराठी मुलींना. प्रत्येक वेळी सत्ता, धर्म किंवा पोट यांपैकी काहीतरी त्या वर्गात हजर होते. राज्य चालवण्यासाठी भाषा शिकली गेली, धर्म पसरवण्यासाठी शिकली गेली आणि तिच्यातूनच मुलींची शाळाही निघाली. कोणत्या शिकवणीतून काय उगवेल, हे शिकवणाऱ्याच्या हाती नव्हते. आपल्या भाषेचा मान राखत ती दुसऱ्याच्या तोंडी बसेपर्यंत पुन्हा पुन्हा उच्चारणे, एवढेच त्याच्या हाती होते. ते त्याने केले.

२२/
म्हणून जुना कोश किंवा व्याकरण हाती घेणाऱ्या तरुण वाचकाने मुखपृष्ठावर थांबू नये. प्रस्तावना वाचावी. 'साहाय्य', 'पंडित', 'मुन्शी' आणि 'शास्त्री' हे शब्द शोधावेत. मुखपृष्ठावरचे नाव बहुतेक वेळा विद्यार्थ्याचे असते आणि प्रस्तावनेतल्या त्या शब्दांमागे त्याचा शिक्षक असतो. मोल्सवर्थचा कोश आज इंटरनेटवर विनामूल्य खुला आहे. मराठी शिकणारे परदेशी विद्यार्थी आणि मराठीचे शिक्षक तो अजूनही वापरतात. त्यातला एखादा म्हणीचा अर्थ नेमका लागतो, तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी शास्त्र्याने दिलेले उत्तर आजच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचलेले असते.

(समाप्त)